राउटर माणसांपाशी आणा

आमच्या घराच्या खोल्या आगगाडीच्या डब्यांसारख्या एकामागे एक आहेत. पुढे हॉल, मग मधली खोली, मग स्वयंपाकघर आणि सगळ्यात मागे आईची खोली. खुब्याचं हाड मोडल्यापासून आई त्याच खोलीत असते. रोज रात्री साडेआठला धाकट्या भावाचा बंगळुरूहून व्हिडिओ कॉल यायचा आणि दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला नातीचा चेहरा हसता हसता तसाच थिजायचा. आई विचारायची, "चिऊ, गेलीस का गं?" मग आम्ही तिला सांगायचो, "आई, फोन जरा दाराकडे धर." जिला कूस बदलायलाही कुणाचा तरी हात लागतो, तिला आम्ही फोन दाराकडे धरायला सांगत होतो. खोलीचं दारही आम्ही दिवसरात्र सताड उघडं ठेवत होतो, तेवढीच रेंज आत यावी म्हणून.

मी तीन वेळा तक्रार केली. पन्नास एमबीपीएसचा प्लॅन शंभरचा करून घेतला. जोडणी देणारा मुलगा आला, हॉलमध्ये उभा राहून त्याने स्वतःच्या फोनवर वेग मोजला आणि मला दाखवला. ९४. "काका, नेट तर पूर्ण येतंय," तो म्हणाला आणि ते खरंच होतं. नेट घरात पूर्ण येत होतं, आईपर्यंत पोचत नव्हतं. शेवटी शेजारच्या पॉलिटेक्निकमधल्या मुलीने आईच्या पलंगाशी बसून फोनवर रेंजचा आकडा काढला आणि मग उठून एकेका खोलीतून पुढे हॉलकडे चालत गेली. मधल्या खोलीतल्या लोखंडी कपाटापाशी ती थांबली. आमचा राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या मागे, शोकेसच्या खालच्या कप्प्यात होता. तिथून आईच्या पलंगापर्यंत सरळ रेघ काढली तर वाटेत टीव्ही, लोखंडी कपाट, फ्रिज आणि तीन भिंती. प्लॅन कितीही मोठा घेतला असता तरी त्या रेघेवरचं कपाट हललं नसतं.

म्हणून ही विनंती. ज्यांच्या घरी वायफाय आहे आणि एखाद्या खोलीत ते नीट चालत नाही, त्यांनी प्लॅन वाढवण्याआधी, कंपनी बदलण्याआधी, राउटर कुठे आहे ते बघावं आणि तो हलवावा. मुलगी ऑनलाइन शिकवणीसाठी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पाट टाकून बसत असेल, मुलगा मुलाखतीच्या दिवशी लॅपटॉप घेऊन जिन्यात जात असेल, तर तुमच्या घरात माणसं तारेच्या सोयीने बसत आहेत. व्हायला हवं उलटं.

राउटर चुकीच्या जागी असतो यात कुणाचा दोष फारसा नसतो. जोडणी द्यायला येणाऱ्या मुलाला दिवसात बरीच घरं उरकायची असतात. तार गच्चीवरून किंवा डक्टमधून येते, बहुधा खिडकीच्या फटीतून आत शिरते आणि तिथून जो प्लग जवळ तिथे डबा बसतो. मग आपण घर त्या डब्याभोवती मांडतो. दिसायला बरा नाही म्हणून सुतार टीव्ही युनिटमध्ये दाराआड त्याला कप्पा करून देतो. वर एखादा क्रोशाचा रुमालही पडतो. तो रुमाल आजच काढा. डबा स्वतःच गरम होत असतो, त्याला वारा लागतो, आणि उन्हाळ्यात झाकलेला राउटर मध्येच बंद पडतो त्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

रेंज कुठे अडते ते थोडं समजून घेतलं की जागा निवडणं सोपं जातं. राउटर दिव्यासारखा आहे. त्याचा उजेड सगळीकडे पसरतो आणि अंतर दुप्पट झालं की जोर चौथाई उरतो, तोही मोकळ्या जागेत. घरात तर मध्ये वस्तू असतात. लाकडाचं दार, प्लायवूडचं पार्टिशन, काच यांतून तो बराचसा पार होतो. साडेचार इंची विटेच्या भिंतीत थोडा वाया जातो, नऊ इंचीत जास्त. आरसीसीचे कॉलम, बीम आणि स्लॅब यांत सळ्या असतात, त्या त्याला चांगल्याच अडवतात. धातूचा पत्रा तर पारच होऊ देत नाही. म्हणून लोखंडी कपाट, फ्रिज, पत्र्याची पेटी, वॉशिंग मशीन यांच्या मागे सावली पडते. ड्रेसिंग टेबलाच्या मोठ्या आरशाला पाठीमागे धातूचा थर असतो, तो लोकांच्या लक्षात येत नाही. पाणी ही रेंज शोषतं, म्हणून पाण्याची टाकी किंवा माशांची पेटी शेजारी नको. बऱ्याच फ्लॅटमध्ये हॉल आणि मागची बेडरूम यांच्या मधोमध संडास-बाथरूम असतं. टाइल्स, नळाचे पाइप, आरसा, गीझर सगळं एकाच जागी. मागच्या बेडरूमला रेंज नसण्याचं ते नेहमीचं कारण आहे.

बहुतेक राउटर दोन पट्ट्यांवर बोलतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिल्याची लाट साधारण साडेबारा सेंटिमीटरची, दुसऱ्याची त्याच्या निम्म्याहून थोडी लहान. लांब लाट भिंती जास्त पार करते पण वेग कमी देते, आखूड लाट वेग जास्त देते पण भिंतीशी दमते. तुमच्या फोनवर दोन नावं दिसत असतील आणि एकापुढे '५जी' लिहिलेलं असेल तर ते हेच आहे, मोबाइलच्या फाइव्ह-जीशी त्याचा काही संबंध नाही. लांबच्या खोलीत त्या ५जी नावाला चिकटून बसलेला फोन साध्या नावाला जोडून बघा. कधी कधी तेवढ्याने काम होतं आणि काहीच हलवावं लागत नाही. मायक्रोवेव्हसुद्धा याच २.४ च्या आसपास चालतो, तेव्हा राउटर त्याच्या डोक्यावर ठेवू नका, स्वयंपाकघरात तोच एक मोकळा प्लग असला तरी.

आता मोजणी. अंदाजाने हलवू नका, कारण फोनवरच्या रेघा फसव्या असतात. अँड्रॉइड फोनवर वायफायची रेंज मोजणारी फुकट अॅप मिळतात. ती एक आकडा दाखवतात, उणे चाळीस, उणे सत्तर असा. शून्याच्या जवळ तितका चांगला. उणे ५० म्हणजे उत्तम. उणे ६५ पर्यंत व्हिडिओ कॉल सुखाने होतो. उणे ७५ च्या खाली कुरकुर सुरू होते, उणे ८० च्या पलीकडे कॉल तुटतात. आईच्या पलंगाशी आमचा आकडा उणे ८४ होता. राउटर हलवल्यावर तो उणे ५८ झाला. सव्वीसचा हा फरक लहान वाटतो, पण या मापात दर दहाला जोर दहा पट होतो, म्हणजे आईच्या फोनपर्यंत पोचणारा जोर सुमारे चारशे पट वाढला. चांगल्या व्हिडिओ कॉलला दोन-तीन एमबीपीएस पुरतात हे मला तेव्हाच कळलं, आणि पुढच्या महिन्यात मी प्लॅन परत पन्नासचा केला.

हलवण्याआधीच नवी जागा कशी ठरेल ते बघता येतं. घरातला एक जास्तीचा फोन घ्या आणि त्याचा हॉटस्पॉट चालू करा. तो फोन म्हणजे तात्पुरता राउटर. ज्या जागी राउटर न्यायचा विचार आहे तिथे तो साधारण सहा फुटांवर टेकवून ठेवा आणि दुसरा फोन घेऊन घरभर फिरा. पलंग, अभ्यासाचं टेबल, बाल्कनीतली खुर्ची, जिथे माणसं खरोखर बसतात तिथे तिथे थांबून आकडा वहीत लिहा. मग पहिला फोन दुसऱ्या जागी ठेवा आणि पुन्हा फिरा. फोनचा जोर राउटरपेक्षा कमी असतो, म्हणून आकडे थोडे पडके येतील. पण कोणती जागा कोणत्या जागेपेक्षा बरी, हे स्वच्छ दिसतं. आम्ही तीन जागा तपासल्या. मला वाटत होतं स्वयंपाकघर सगळ्यांना जवळ पडेल. वहीत ते शेवटच्या क्रमांकाला आलं, फ्रिज आणि भांड्यांच्या मांडणीमुळे. मधल्या खोलीच्या दाराशेजारची भिंत पहिली आली.

जागा उंच हवी, पाच-सहा फुटांवर, म्हणजे कपाटं-पलंग तिच्या खाली राहतात. मोकळी हवी, कप्प्यात नको. आणि घराच्या मध्याशी हवी, भूमितीच्या मध्यापेक्षा तुमच्या राहण्याच्या मध्याशी. ज्या खोलीत दिवसाचे दहा तास कुणी असतं तिचं वजन जास्त धरा. बाहेरच्या भिंतीला लावलेला राउटर अर्धी रेंज शेजाऱ्याच्या अंगणाला देतो. अँटेना असतील तर उभ्या ठेवा, कारण उभ्या काडीची रेंज आडवी पसरते, अँटेनाच्या टोकाच्या दिशेला सगळ्यात कमी जाते. रो-हाउस असेल आणि वरच्या मजल्यालाही हवं असेल तर एक अँटेना आडवी करून बघा, पण स्लॅबमधून फार अपेक्षा ठेवू नका.

आता तार, आणि इथेच बहुतेक लोक हात टेकतात.

आधी तुमच्याकडे डबे किती आहेत ते बघा. काही घरांत फायबरचा डबा आणि वायफायचा राउटर वेगळे असतात, काळ्या किंवा पिवळ्या-निळ्या लॅन केबलने जोडलेले. काही घरांत दोन्ही कामं एकच डबा करतो. वेगळे असतील तर काम सोपं आहे. फायबरचा डबा आहे तिथेच राहू द्या, फक्त राउटर हलवा आणि मधली लॅन केबल लांब घ्या. लॅन केबल १०० मीटरपर्यंत वेग न गमावता चालते, त्यामुळे घरात लांबीची काळजी नाही. कॅट-६ घ्या, निदान कॅट-५ई, आणि दुकानदाराला शुद्ध तांब्याचीच मागा. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल मिळते, ती वाकवताना तुटते आणि वर्षभराने त्रास देते.

केबल मोजायला फूटपट्टी घेऊ नका, सुतळी घ्या. तार जशी जाणार तशीच सुतळी धरा, दाराच्या चौकटीवरून वर, कोपऱ्यातून आत, छताखालून पुढे, परत खाली. सरळ अंतर सात मीटर असलं तरी सुतळी बारा-तेरा भरते. तिला गाठ मारून दुकानात न्या आणि वर दोन मीटर जास्त घ्या. आणलेली केबल लगेच ठोकू नका. एक दिवस जमिनीवरून, चटईखालून सोडा, राउटर नव्या जागी टेकवा आणि घरातल्यांना रोजच्यासारखं वापरू द्या. दुसऱ्या दिवशीही जागा पटली तरच खिळे मारा.

केबलच्या टोकाच्या पारदर्शक प्लगमध्ये आठ बारीक तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. शंभरचा वेग त्यातल्या दोनच जोड्यांवर चालतो, त्याहून जास्त वेगाला चारही लागतात. म्हणजे निळी किंवा तपकिरी तार प्लगमध्ये नीट बसली नसेल तरी नेट चालू राहतं, पण दोनशे-तीनशेचा प्लॅन असूनही पंच्याण्णवच्या पुढे जात नाही. महिनोन्‌महिने लोक कंपनीशी भांडतात आणि चूक त्या नखाएवढ्या प्लगमध्ये असते. प्लग बसवून, म्हणजे क्रिंपिंग करून घेतलीत तर टेस्टरवर आठही दिवे क्रमाने लागलेले बघूनच पैसे द्या.

एकच डबा असेल तर दोन वाटा आहेत. पहिली, फायबरच लांबवून डबा नव्या जागी नेणे. हे घरी स्वतः करू नका. फायबर केसाएवढ्या काचेतून प्रकाश नेते, तिच्या टोकावर बोटाचा डाग पडला तरी प्रकाश कमी होतो. शिवाय टोकातून येणारा प्रकाश लेझरचा असतो आणि डोळ्यांना दिसत नाही, म्हणून टोकात डोकावून बघायचं नाही, मुलांनाही बघू द्यायचं नाही. जोडणीवाल्या मुलाला बोलावा, तो लांब पॅचकॉर्ड लावेल किंवा नवी तार ओढून स्प्लाइस, म्हणजे जोड, मारेल. त्याला आधीच फोन करून पैसे किती घेणार ते विचारा. काम झाल्यावर त्याला एकच प्रश्न विचारा: "पॉवर किती येतेय?" तो डब्याच्या सेटिंगमध्ये किंवा मीटरवर दाखवेल. उणे १८ ते उणे २२ आलं तर छान. उणे २७ च्या जवळ आलं असेल तर जोड नीट झालेला नाही किंवा तार कुठे तरी दुमडली आहे. आज चालेल, पावसाळ्यात लाल दिवा लागेल. तो समोर असतानाच सुधारून घ्या, अगदी आग्रहाने, पण चहा देऊन. उन्हातान्हात शिड्या चढणारी ही मुलं आहेत.

फायबर वाकवण्याबद्दल एकच माप लक्षात ठेवा: आमटीच्या वाटीपेक्षा लहान वेटोळं नको. जास्तीची तार रबर बँड लावून गच्च गुंडाळणं, दाराच्या चौकटीत चेपणं, खिळ्याखाली दाबणं यातून प्रकाश गळतो. उंदीर असतील तिथे ती केसिंग पट्टीतून न्या, उंदरांना तिची चव लागते.

दुसरी वाट मला जास्त आवडते. कंपनीचा डबा जागेवर ठेवायचा, त्याच्या पाठीमागच्या लॅनच्या भोकातून केबल काढून आतल्या खोलीपर्यंत न्यायची आणि तिथे दुसरा साधा राउटर लावायचा. घरात जुना पडलेला असेल तर तोही चालतो. त्याच्या सेटिंगमध्ये 'अॅक्सेस पॉइंट' असा पर्याय असेल तो निवडा. नसेल तर आलेली केबल त्याच्या वॅनऐवजी लॅनच्या भोकात घाला, त्याचं 'डीएचसीपी' बंद करा आणि त्याचा पत्ता पहिल्या डब्याहून वेगळा ठेवा, म्हणजे पहिला १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या. दोन्हींना वायफायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवलात की माणूस हॉलमधून आत गेल्यावर फोन आपोआप जवळच्या डब्याला जोडला जातो. हे जमणार नाही असं वाटत असेल तर कॉलेजात जाणारं एखादं पोर शेजारी असतंच, त्याला अर्धा तास बसवा.

प्लगमध्ये खोचायचे छोटे रिपीटर मिळतात. तार न ओढता काम होतं म्हणून लोक ते आणतात. पण बहुतेक रिपीटर एकाच तोंडाने ऐकतात आणि बोलतात, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो, आणि माणसं त्यांना नेमकं जिथे रेंज नाही तिथे लावतात. ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही तो पुढे काय सांगणार? लावायचाच तर अर्ध्या वाटेवर लावा. भाड्याच्या घरात, जिथे मालक खिळाही मारू देत नाही, तिथे तो उपाय ठीक आहे. तिथेही चिकटपट्टीची केसिंग दाराच्या चौकटीवरून नेता आली तर लॅन केबलच बरी.

भिंतीला भोक पाडायचं असेल तर चार गोष्टी. विजेच्या बोर्डाच्या बरोबर वर, खाली किंवा त्याच सरळ रेषेत आडवं ड्रिल लावू नका, आतून वायर गेलेली असते. कॉलम-बीमला हात लावू नका. प्लगसकट केबल घालायची तर भोक मोठं पाडावं लागतं, त्याऐवजी टोक न लावलेली केबल ओढा, आठ मिलिमीटरचं भोक पुरतं, आणि प्लग नंतर बसवा. भोक बाहेरच्या भिंतीला असेल तर ते बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा आणि तार आत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी तारेवरून घरात न येता झोळाच्या तळाशी ठिबकतं. मग सिलिकॉनने किंवा व्हाइट सिमेंटने बुजवा. कोकणात हे विसरलेल्या भिंती जुलैमध्ये ओळखू येतात. आणि लॅनची केबल विजेच्या तारांच्या पाइपातून कधीच नेऊ नका, तिथली एक वायर उघडी पडली की करंट लॅनच्या केबलमध्ये उतरू शकतो.

जुन्या वाड्यांच्या दीड-दोन फुटी मातीच्या भिंती आणि कोकणातला जांभा, यांच्यापुढे एक राउटर कितीही चांगल्या जागी ठेवला तरी एक-दोन खोल्यांपलीकडे जात नाही. तिथे तारेला पर्याय नाही. माजघरात एक डबा, मागच्या पडवीत दुसरा, मध्ये केबल. पण एका घरातून दुसऱ्या घरात, किंवा घरातून गोठ्याकडे, शेडकडे उघड्यावरून तांब्याची लॅन केबल टांगू नका. वळवाच्या पावसात वीज जवळपास कडाडली तरी त्या तारेतून झटका येतो आणि दोन्हीकडची यंत्रं जातात. उघड्यावर फायबर न्या, काचेतून वीज जात नाही. तिच्या सोबत असलेली पोलादी तार मात्र घराबाहेरच तोडून अडकवायची, आत आणायची नाही. आणि ढग गरजायला लागले की डब्याचा प्लग काढून ठेवायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा.

नवी जागा ठरवताना तिथला प्लग इन्व्हर्टरवर आहे का तेही बघा. फायबरचा डबा आणि राउटर मिळून एका लहान बल्बाइतकीच वीज खातात, पण दोघांपैकी एक जरी इन्व्हर्टरवर नसला तरी लाइट गेल्यावर नेट जाणार. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी मिनी यूपीएस मिळतो. तो घेताना अॅडॉप्टरवरची चिठ्ठी वाचा, बारा व्होल्ट लिहिलं असेल तर बाराचाच घ्या, आणि अॅम्पिअरचा आकडा तेवढा किंवा जास्त हवा. सेट-टॉप बॉक्सचा अॅडॉप्टर राउटरच्या भोकात बसतो म्हणून लावू नका. पिन सारखी असली तरी व्होल्ट सारखे असतीलच असं नाही, आणि त्यात कितीतरी चांगले राउटर जळाले आहेत.

डबा हलवण्याआधी फोनवर दोन फोटो काढा. एक पाठीमागचा, कोणती तार कोणत्या भोकात आहे त्याचा. दुसरा खालच्या चिठ्ठीचा, जिच्यावर नाव-पासवर्ड छापलेले असतात. आणि पाठीमागच्या त्या बारीक भोकात टाचणी घालून रीसेट दाबू नका. बंद-चालू करणं वेगळं, रीसेट वेगळं. रीसेट दाबलं की कंपनीने भरलेलं युजर नाव, पासवर्ड सगळं पुसलं जातं आणि मग त्यांचा माणूस येईपर्यंत घर नेटशिवाय. रविवारी हे झालं तर सोमवारपर्यंत वाट बघा.

राउटर मध्ये आणला की काही आजी-आजोबा विचारतात, डोक्याशी लहरी आल्या, अपाय नाही ना? हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. या लहरी क्ष-किरणांच्या जातीच्या नाहीत, त्या अणू-रेणू फोडत नाहीत. राउटरचा जोर थोडा असतो आणि अंतरासोबत झपाट्याने उतरतो. कानाला लावलेला मोबाइल, विशेषतः रेंज कमी असताना, त्याहून कितीतरी जास्त जोराने बोलत असतो. तरीही मनाला बरं वाटावं म्हणून उशाशी न ठेवता दोन मीटर दूर ठेवा, आमचाही तसाच आहे.

काम झाल्यावर हॉलमध्ये उभं राहून वेग मोजू नका. तिथे तो आधीही येतच होता. ज्या माणसासाठी हलवलात त्याच्या जागी बसा, त्याच्या फोनवर, त्याच्या वेळेला. रात्री आठ-नऊला शेजारपाजारचे सगळे राउटर एकदम बोलत असतात, त्या वेळी जे टिकतं तेच खरं. बिल्डिंगमध्ये गर्दी फार असेल तर २.४ च्या पट्टीवर राउटरच्या सेटिंगमध्ये १, ६ आणि ११ यांपैकी सगळ्यात रिकामा चॅनेल निवडा, बाकीचे एकमेकांवर चढतात. आणि खोलीचं दार लावून मोजा.

आईच्या खोलीत आम्ही तसंच केलं. दार लावलं, साडेआठला कॉल आला, चिऊने तिचा पडलेला दात दाखवला, मग दाताची जागा दाखवली, मग शाळेतलं एक लांबलचक भांडण सांगितलं. पंचवीस मिनिटांनी आईनेच फोन ठेवला. दार लागलेलंच होतं. दोन हिवाळे ते उघडं होतं.